ओपनस्टॅकमध्ये व्हॉल्यूमवरून मशीन बूट करणं: इमेज निवडण्यापासून डिलीट करण्यापर्यंत

ओपनस्टॅक या क्लाउड उभारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट इमेजवरून (तयार सिस्टिमची डिस्क-फाइल) मशीन उभं केलं की त्याची रूट डिस्क, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची डिस्क, नोव्हा ही मशीन चालवणारी सेवा तयार करते आणि तिचं आयुष्य मशीनइतकंच असतं. नेहमीच्या मांडणीत ही डिस्क कॉम्प्युट नोडवर (मशीन ज्यावर चालतं तो सर्व्हर), /व्हार/लिब/नोव्हा/इन्स्टन्सेस या फोल्डरात असते. मशीन डिलीट केलं की डिस्कही गेली. नोड बंद पडला तर डिस्क त्या नोडच्या पोटात अडकून राहते.

व्हॉल्यूम म्हणजे सिंडर या स्टोरेज-सेवेने दिलेली स्वतंत्र डिस्क. व्हॉल्यूमवरून बूट केलं की रूट डिस्क सिंडरकडे जाते. मग मशीन म्हणजे फक्त सीपीयू, रॅम आणि नेटवर्क पोर्ट. डिस्क स्वतंत्र. मशीन काढून टाका, तीच डिस्क घेऊन दुसऱ्या फ्लेवरवर (सीपीयू, रॅम, डिस्क यांचा ठरलेला साचा) नवं मशीन उभं करा, डेटा जागेवर असतो. पूर्वी व्हॉल्यूमचं काम नोव्हाच्याच आत चालायचं. २०१२ च्या फॉलसम आवृत्तीपासून ते सिंडर या वेगळ्या सेवेकडे गेलं. खाली येणाऱ्या बऱ्याच अडचणींचं मूळ हेच आहे, की मशीन एका सेवेचं आणि डिस्क दुसऱ्या सेवेची.

एक सूचना आधीच: या लेखात कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

हे कुठे वापरावं, कुठे नको

जे मशीन वर्षभर चालणार आहे, ज्याच्या रूट डिस्कवरच कॉन्फिगरेशन आणि डेटा साठत जाणार आहे, त्यासाठी व्हॉल्यूम घ्या. दहा मिनिटं टेस्ट चालवून मरणाऱ्या सीआय रनरला (कोडच्या चाचण्या आपोआप चालवणारं मशीन) व्हॉल्यूम कशाला? तिथे उगाच कोटा खर्च होतो आणि सिंडरवर भार पडतो. डेटाबेसला नोडवरच्या एनव्हीएमई डिस्कचा वेग हवा असेल तरीही थांबून विचार करा, कारण व्हॉल्यूमचं प्रत्येक वाचन-लेखन नेटवर्कवरून जातं.

तुमच्या क्लाउडमध्ये नोव्हाच्या साध्या डिस्कही सेफ या अनेक सर्व्हरवर पसरलेल्या स्टोरेजवर असतील तर नोड पडल्यावर मशीन दुसरीकडे हलवण्याचा फायदा तुम्हाला आधीच मिळतोय. मग व्हॉल्यूमचा खरा फायदा दोनच गोष्टींत उरतो: डिस्कचं वेगळं आयुष्य आणि स्टोरेजचा प्रकार निवडण्याची मुभा.

फ्लेवरबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. फ्लेवरमध्ये ४० जीबी रूट डिस्क लिहिलेली असली तरी व्हॉल्यूमवरून बूट करताना तो आकडा वापरलाच जात नाही, व्हॉल्यूमचा आकार तोच खरा. म्हणून बरेच ऑपरेटर यासाठी ० जीबी डिस्कचे फ्लेवर वेगळे ठेवतात. मात्र फ्लेवरमध्ये स्वॅप किंवा एफिमरल (मशीनपुरती तात्पुरती) डिस्क असेल तर ती व्हॉल्यूमवर जात नाही. रूट सिंडरमध्ये सुरक्षित आहे म्हणून कुणी एफिमरल डिस्कवर बॅकअप ठेवत असेल, तर मशीन डिलीट होताना तो बॅकअपही जातो.

आधी इमेज नीट पाहा

अर्ध्याहून अधिक अडचणी इमेजपाशीच सुरू होतात. फाइलचा आकार पाहून व्हॉल्यूमचा आकार ठरवू नका. क्यूकाउ२ या जागा वाचवणाऱ्या फॉरमॅटमधली फाइल काहीशे एमबीची असते, पण तिच्या आतल्या डिस्कचा आभासी आकार काही जीबी असतो. विंडोज इमेजमध्ये ही तफावत फारच मोठी असते. खरा आकडा असा कळतो:

क्यूईएमयू-आयएमजी इन्फो इमेज.क्यूकाउ२

यातल्या 'व्हर्च्युअल साइझ' या ओळीतल्या आकड्याइतका तरी व्हॉल्यूम हवा. शिवाय ग्लान्स या इमेज साठवणाऱ्या सेवेत त्या इमेजवर 'मिन डिस्क' (किमान डिस्क) लिहिलेली असेल तर तीही पाळावी लागते. छोटा आकार दिला तर इमेज व्हॉल्यूममध्ये मावत नाही असं सांगून सिंडर काम नाकारतं.

दुसरी गोष्ट फॉरमॅटची. सिंडरला व्हॉल्यूमवर कच्ची, म्हणजे रॉ स्वरूपातली डिस्क लिहायची असते. इमेज क्यूकाउ२ असेल तर ती आधी सिंडरच्या नोडवर उतरते, /व्हार/लिब/सिंडर/कन्व्हर्जन या फोल्डरात तिचं रूपांतर होतं आणि मग ती व्हॉल्यूमवर लिहिली जाते. एकाच वेळी दहा जणांनी मोठ्या विंडोज इमेजवरून व्हॉल्यूम मागितले की हा फोल्डर भरतो आणि सगळ्यांचेच व्हॉल्यूम 'एरर' मध्ये जातात. ऑपरेटर असाल तर या फोल्डराला वेगळं, ऐसपैस पार्टिशन द्या.

ग्लान्स आणि सिंडर दोन्ही सेफवर असतील तर इमेज रॉ करूनच चढवा:

क्यूईएमयू-आयएमजी कन्व्हर्ट -ओ रॉ इमेज.क्यूकाउ२ इमेज.रॉ

(इथला 'ओ' कॅपिटल आहे.) ग्लान्समध्ये 'शो इमेज डायरेक्ट यूआरएल' चालू असेल आणि इमेज रॉ असेल, तर सिंडर काहीही कॉपी करत नाही. सेफमधल्या इमेजचा क्लोन काढतं आणि व्हॉल्यूम काही सेकंदांत तयार होतो. तीच इमेज क्यूकाउ२ ठेवलीत तर उतरवणं, रूपांतर, पुन्हा चढवणं असा पूर्ण फेरा होतो. वापरणाऱ्याला दिसतं एवढंच, की आज क्लाउड हळू आहे.

सेफ नसेल तर सिंडरचा इमेज-व्हॉल्यूम कॅश चालू करावा. पहिला व्हॉल्यूम नेहमीच्या वेगाने होतो, पुढचे त्या साठवलेल्या प्रतीवरून निघतात. कॅशमधल्या प्रती सिंडरच्या एका अंतर्गत प्रोजेक्टच्या नावावर असतात. त्या प्रोजेक्टचा आणि यूजरचा आयडी कॉन्फिगमध्ये भरायचा राहिला तर कॅश चालत नाही.

व्हॉल्यूम आधी, मशीन नंतर

एकाच कमांडमध्ये दोन्ही करता येतं, ते पुढे येतंच. पण ज्या मशीनची किंमत आहे त्यासाठी दोन पायऱ्या वेगळ्या ठेवा. कुठे अडलं ते लगेच कळतं, आणि डिस्कला नाव मिळतं.

पहिली पायरी:

ओपनस्टॅक व्हॉल्यूम क्रिएट --इमेज उबुंटू-२४०४-रॉ --साइझ २० --टाइप एसएसडी वेब०१-रूट

'--टाइप' गाळू नका. गाळलात तर क्लाउडचा डीफॉल्ट प्रकार लागतो, आणि तो बऱ्याचदा सर्वांत स्वस्त, म्हणजे सर्वांत हळू असतो. नंतर प्रकार बदलता येतो, पण वेगळ्या बॅकएंडवर जायचं असेल तर सगळा डेटा हलवावा लागतो.

दुसरी पायरी म्हणजे वाट पाहणं:

ओपनस्टॅक व्हॉल्यूम शो वेब०१-रूट -सी स्टेटस -सी बूटेबल

स्थिती आधी 'क्रिएटिंग', मग 'डाउनलोडिंग', शेवटी 'अव्हेलेबल' होते. सेफ-क्लोन असेल तर मधली पायरी दिसणारही नाही. इमेजवरून केलेला व्हॉल्यूम आपोआप 'बूटेबल: ट्रू' असतो आणि इमेजचे गुणधर्म त्याच्यावर उतरतात. हे गुणधर्म पुढे फार महत्त्वाचे ठरतात.

तिसरी पायरी:

ओपनस्टॅक सर्व्हर क्रिएट --फ्लेवर एम-२-४ --व्हॉल्यूम वेब०१-रूट --नेटवर्क आतलं-जाळं --की-नेम माझी-की --सिक्युरिटी-ग्रुप वेब वेब०१

इथे '--इमेज' द्यायचं नाही. मशीन 'ॲक्टिव्ह' झालं की व्हॉल्यूम 'इन-यूज' दिसतो. 'सर्व्हर शो' मध्ये इमेजचा रकाना रिकामा दिसेल किंवा मशीन व्हॉल्यूमवरून बूट झाल्याचा उल्लेख असेल. घाबरू नका, तसंच असायला हवं.

उपलब्धता-झोनकडे (क्लाउडचे वेगवेगळे विभाग) एकदा नजर टाका. नोव्हाच्या कॉन्फिगमध्ये 'क्रॉस एझेड अटॅच' बंद असेल तर मशीनचा झोन आणि व्हॉल्यूमचा झोन एकच लागतो. डीफॉल्ट मोकळा आहे, पण मोठ्या क्लाउडवर तो बंद केलेला असू शकतो.

एका कमांडमध्ये, आणि त्यातली खोच

घाईचा मार्ग असा:

ओपनस्टॅक सर्व्हर क्रिएट --फ्लेवर एम-२-४ --इमेज उबुंटू-२४०४-रॉ --बूट-फ्रॉम-व्हॉल्यूम २० --नेटवर्क आतलं-जाळं --की-नेम माझी-की वेब०२

नोव्हाच सिंडरकडे व्हॉल्यूम मागतं आणि तो तयार झाला की मशीन सुरू करतं. यात दोन गोष्टी खटकतात. एक, या व्हॉल्यूमला नाव मिळत नाही. दोन, मशीन डिलीट केल्यावर तो मागे राहतो. सहा महिन्यांनी 'व्हॉल्यूम लिस्ट' मारली की नावाचा रकाना कोरा, आकार २०, स्थिती 'अव्हेलेबल' अशा ओळींची रांग दिसते, आणि कोणती कशाची हे कुणालाच सांगता येत नाही. कोटा मात्र भरलेला असतो. सिंडरचा मूळ कोटा प्रत्येक प्रोजेक्टला १० व्हॉल्यूम, १० स्नॅपशॉट आणि एकूण १००० जीबी इतकाच आहे. ऑपरेटरने वाढवला नसेल तर अकरावं मशीन याच बेवारस डिस्कांमुळे अडतं.

मशीनसोबत डिस्कही जावी असं वाटत असेल तर '--ब्लॉक-डिव्हाइस' वापरा. त्यात स्वल्पविरामांनी जोडून, मध्ये जागा न सोडता, एवढ्या गोष्टी द्यायच्या: इमेजचा यूयूआयडी (एकमेव ओळख-क्रमांक), 'सोर्स टाइप' इमेज, 'डेस्टिनेशन टाइप' व्हॉल्यूम, 'व्हॉल्यूम साइझ' २०, 'बूट इंडेक्स' ०, 'डिलीट ऑन टर्मिनेशन' ट्रू. 'बूट इंडेक्स' ० म्हणजे यावरून बूट कर. 'डेस्टिनेशन टाइप' चुकून 'लोकल' राहिला तर मशीन चालू होईल, पण डिस्क नोडवरच असेल. हे बऱ्याचदा कळतंच नाही, जोपर्यंत नोड पडत नाही. म्हणून नंतर 'सर्व्हर व्हॉल्यूम लिस्ट' मारून एक ओळ दिसते का ते पाहाच.

होरायझन या ओपनस्टॅकच्या वेब-पॅनेलवर हेच काम 'क्रिएट न्यू व्हॉल्यूम: येस' आणि 'डिलीट व्हॉल्यूम ऑन इन्स्टन्स डिलीट' या दोन बटणांनी होतं. मशीन चालू असताना निर्णय बदलायचा असेल तर नोव्हाची २.८५ मायक्रोव्हर्जन (एपीआयची उप-आवृत्ती) लागते.

ॲमेझॉनवरून इकडे आलेल्यांनी खास लक्ष द्यावं. तिथे इमेजवरून उभ्या केलेल्या मशीनची रूट डिस्क सहसा मशीनसोबत डिलीट होते. इथे उलट.

१८० सेकंदांची अडचण

एका कमांडच्या मार्गावर सर्वांत जास्त दिसणारी चूक ही. मशीन तीन मिनिटं 'बिल्ड' मध्ये 'ब्लॉक डिव्हाइस मॅपिंग' वर अडून राहतं आणि मग 'एरर' मध्ये जातं. 'सर्व्हर शो' च्या फॉल्ट रकान्यात लिहिलेलं असतं, की अमुक व्हॉल्यूम इतके सेकंद किंवा ६१ प्रयत्न वाट पाहूनही तयार झाला नाही, आणि त्याची स्थिती 'डाउनलोडिंग' आहे.

कारण सरळ आहे. नोव्हा दर ३ सेकंदांनी सिंडरला विचारतं, झालं का? असं ६० वेळा पुन्हा विचारून ते हात टेकतं. ६० गुणिले ३, म्हणजे १८० सेकंद. मोठी क्यूकाउ२ इमेज त्या वेळात व्हॉल्यूमवर उतरत नाही. आणखी गंमत म्हणजे सिंडरला याचा पत्ताच नसतो. ते आपलं काम पूर्ण करतं आणि दहा मिनिटांनी एक बिननावाचा व्हॉल्यूम 'अव्हेलेबल' होऊन बसतो. पुन्हा प्रयत्न केलात की दुसरा.

वापरणारे असाल तर उपाय वर सांगितलाच: व्हॉल्यूम आधी तयार करा. तिथे ही घड्याळाची अट लागत नाही. ऑपरेटर असाल तर नोव्हाच्या कॉन्फिगमध्ये 'ब्लॉक डिव्हाइस अलोकेट रिट्राइज' हा आकडा वाढवता येतो. पण नुसता आकडा वाढवणं म्हणजे ताप मोजायचं थर्मामीटर बदलणं. आधी इमेज रॉ करा, कॅश लावा, आणि तरीही गरज उरली तरच आकडा वाढवा.

'ॲक्टिव्ह' दिसतंय पण मशीन उठत नाही

'ॲक्टिव्ह' चा अर्थ एवढाच, की हायपरव्हायझरने (आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) मशीनला वीज दिली. आत ऑपरेटिंग सिस्टिम उठली की नाही हे नोव्हाला माहीत नसतं. त्यासाठी 'ओपनस्टॅक कन्सोल लॉग शो वेब०१' पाहायचं, आणि ते कोरं असेल तर व्हीएनसी कन्सोल उघडायचं.

कन्सोलवर 'नो बूटेबल डिव्हाइस' आलं तर व्हॉल्यूमवर बूटलोडरच नाही किंवा तो वेगळ्या प्रकारचा आहे. कुणीतरी रिकाम्या व्हॉल्यूमवर 'व्हॉल्यूम सेट --बूटेबल' मारलेलं असतं. ही फक्त पाटी आहे. पाटी नसेल तर नोव्हा बूट करायला नकार देतं, पण पाटी लावली म्हणून आत सिस्टिम येत नाही.

दुसरं कारण यूईएफआय, म्हणजे बायॉसची जागा घेणारं नवं फर्मवेअर. इमेजवर 'एचडब्ल्यू फर्मवेअर टाइप' यूईएफआय असेल तर ते व्हॉल्यूमवरही उतरतं. पण डिस्क दुसऱ्या क्लाउडवरून किंवा व्हीएमवेअरमधून आणून व्हॉल्यूमवर ओतली असेल तर हा गुणधर्म कुठूनच येत नाही. मशीन जुन्या बायॉसने उठायला जातं आणि यूईएफआय डिस्क त्याला वाचता येत नाही. 'व्हॉल्यूम सेट --इमेज-प्रॉपर्टी' ने तो गुणधर्म व्हॉल्यूमवर लिहा आणि मशीन नव्याने उभं करा. चालू मशीनच्या नोंदी जुन्याच राहतात, नुसत्या रीबूटने काम होणार नाही.

विंडोज निळ्या पडद्यावर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणत असेल तर आत व्हर्टआयओ, म्हणजे आभासी डिस्क ओळखणारा, ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर डिस्क हलवण्यापूर्वीच, जुन्या जागी चालू असताना टाकून घ्यावा.

लिनक्स अर्ध्यावर उठून आपत्कालीन शेलमध्ये थांबलं तर बहुधा एफएसटॅबमध्ये (बूटच्या वेळी कोणती डिस्क कुठे जोडायची ती यादी) डिस्कचं नाव थेट लिहिलेलं असतं. डिस्क बस व्हर्टआयओ असेल तर नाव व्हीडीए, व्हर्टआयओ-स्कझी असेल तर एसडीए. आपण मागितलेलं नाव मिळेलच असंही नाही, लिबव्हर्ट ड्रायव्हर ते मनावर घेत नाही. एफएसटॅबमध्ये यूयूआयडीच लिहायचा.

डिस्क वाढवणं

चालू मशीनची रूट डिस्क वाढवायला सिंडरची ३.४२ मायक्रोव्हर्जन लागते:

ओपनस्टॅक --ओएस-व्हॉल्यूम-एपीआय-व्हर्जन ३.४२ व्हॉल्यूम सेट --साइझ ४० वेब०१-रूट

मग मशीनच्या आत 'एलएसबीएलके' ने डिस्क ४० दिसते का ते पाहा. डिस्क वाढली तरी पार्टिशन २० वरच असतं. 'ग्रोपार्ट /डेव्ह/व्हीडीए १' (डिस्क आणि पार्टिशनचा क्रमांक यांत जागा सोडायची, हे हमखास चुकतं), त्यानंतर ईएक्सटी४ असेल तर 'रीसाइझ२एफएस' ला पार्टिशनचं नाव, एक्सएफएस असेल तर 'एक्सएफएस-ग्रोएफएस' ला माउंटची जागा द्यायची. क्लाउड-इनिट (मशीनची पहिली मांडणी करणारा प्रोग्राम) असलेल्या इमेजमध्ये रीबूटनंतर हे सहसा आपोआप होतं. व्हॉल्यूम लहान करता येत नाही, म्हणून ४०० टाइप करण्याआधी शून्यं मोजा.

स्नॅपशॉट, आणि ० बाइटची इमेज

व्हॉल्यूमवरच्या मशीनवर 'सर्व्हर इमेज क्रिएट' चालवलं की ग्लान्समध्ये इमेज दिसते, पण तिचा आकार ०. काही बिघडलेलं नाही. खरा डेटा सिंडरच्या स्नॅपशॉटमध्ये असतो आणि इमेज म्हणजे त्याकडे बोट दाखवणारी चिठ्ठी. ही चिठ्ठी डाउनलोड करून दुसऱ्या क्लाउडवर नेता येत नाही. चिठ्ठी फाडली तरी स्नॅपशॉट मागे राहतो, आणि तो आहे तोवर व्हॉल्यूम डिलीट होत नाही. मशीनला जोडलेल्या सगळ्या व्हॉल्यूमचे स्नॅपशॉट यात निघतात, फक्त रूटचा नाही. ५०० जीबीची डेटा-डिस्क जोडलेली असेल तर कोटा आधी पाहा.

याउलट 'व्हॉल्यूम स्नॅपशॉट क्रिएट --फोर्स' एकाच डिस्कचा स्नॅपशॉट काढतं, पण आतली फाइलसिस्टिम न थांबवता. वीज गेल्यावर डिस्क जशी असेल तशी ती प्रत. पहिल्या मार्गात, इमेजवर 'एचडब्ल्यू क्यूईएमयू गेस्ट एजंट' लावलेलं असेल आणि आत तो एजंट चालू असेल, तर नोव्हा क्षणभर लेखन थोपवून मग स्नॅपशॉट घेतं. डेटाबेससाठी हा फरक मोठा आहे.

स्नॅपशॉट त्याच स्टोरेजवर असतो, त्याला बॅकअप म्हणू नका. त्यासाठी 'व्हॉल्यूम बॅकअप क्रिएट' आहे, तेही बॅकअप दुसऱ्या स्टोरेजवर जात असेल तरच.

मशीन बिघडलं, डिस्क वाचवायची आहे

चालू मशीनची रूट डिस्क नोव्हा काढू देत नाही. रेस्क्यू मोड व्हॉल्यूमवरच्या मशीनला उसुरी आवृत्तीत, २.८७ मायक्रोव्हर्जनने मिळाला. त्यासाठी रेस्क्यू इमेजवर 'एचडब्ल्यू रेस्क्यू डिव्हाइस' किंवा 'एचडब्ल्यू रेस्क्यू बस' हा गुणधर्म लागतो. तो विसरला की रेस्क्यू नाकारला जातो. नवी इमेज टाकून रूट पुसून घ्यायची सोय, म्हणजे रीबिल्ड, त्याहून उशिरा आली: २०२२ च्या झेड आवृत्तीत, २.९३ ने.

क्लाउड जुना असेल तर हुकमी मार्ग असा. आधी 'डिलीट ऑन टर्मिनेशन' फॉल्स आहे याची खात्री करा. 'सर्व्हर व्हॉल्यूम लिस्ट' मध्ये तो रकाना दिसत नसेल तर मायक्रोव्हर्जन वाढवून पुन्हा पाहा. ट्रू असेल आणि बदलता येत नसेल, तर स्नॅपशॉट काढून ठेवा. आयपी टिकवायचा असेल तर पोर्ट आधीच वेगळं तयार केलेलं हवं, कारण नोव्हाने स्वतः तयार केलेलं पोर्ट मशीनसोबत जातं. मग मशीन डिलीट करा, व्हॉल्यूम 'अव्हेलेबल' झाला की दुसऱ्या मशीनला साधी डिस्क म्हणून जोडा, दुरुस्त करा, काढा, आणि त्याच व्हॉल्यूमवरून नवं मशीन उभं करा.

नव्या मशीनचा इन्स्टन्स आयडी नवा असतो, म्हणून क्लाउड-इनिट ही पहिलीच सुरुवात समजतं. एसएसएच होस्ट-की नव्या तयार होतात आणि तुमच्या लॅपटॉपवर ओळख बदलल्याचा इशारा येतो. तुमची नवी की जोडली जाते, पण जुन्या की 'ऑथराइज्ड कीज' मध्ये तशाच राहतात. नोकरी सोडून गेलेल्या माणसाची की अशीच वर्षानुवर्षं फिरते. ती हाताने काढायची.

डिलीट करताना

क्रम असा ठेवा: मशीन, मग स्नॅपशॉट, मग व्हॉल्यूम. मशीन गेल्यावरही व्हॉल्यूम 'इन-यूज' किंवा 'डिटॅचिंग' मध्ये अडकला तर 'व्हॉल्यूम सेट --स्टेट' ने नुसती पाटी बदलू नका. ते ॲडमिनलाच करता येतं, आणि मागची अटॅचमेंटची नोंद तशीच राहिली तर एकच डिस्क दोन मशीनना जोडली जाऊन फाइलसिस्टिमचा चुराडा होऊ शकतो. आधी अटॅचमेंटची यादी पाहून मेलेली नोंद काढा, हायपरव्हायझरवर जोडणी खरंच सुटली आहे का ते तपासा, मगच स्थिती बदला.

२०२३ च्या सीव्हीई-२०२३-२०८८ या सुरक्षा-दोषानंतर वापरात असलेल्या व्हॉल्यूमची नोंद थेट सिंडरकडून काढायला बंदी आली. ते काम नोव्हाने, स्वतःच्या सर्व्हिस टोकनसह, करायचं असतं. अपग्रेडनंतर अचानक एकही व्हॉल्यूम सुटेनासा झाला आणि लॉगमध्ये ४०९ हा एरर-कोड दिसू लागला, तर नोव्हाच्या कॉन्फिगमधला 'सर्व्हिस यूजर' हा विभाग सगळ्यात आधी उघडा. तो बहुधा रिकामा सापडेल. तो विभाग भरून 'सेंड सर्व्हिस यूजर टोकन' ट्रू करा आणि नोव्हाच्या सेवा रीस्टार्ट करा, कॉम्प्युट नोडवरच्यासुद्धा.